वरची विहीर

जावा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी भांडणच उभं राहतं. या दोघींनी मात्र लोकांची पार निराशा केली. शेताची वाटणी झाली तेव्हा शेजारीपाजारी कान टवकारून बसले होते, की आता बघा कशा एकमेकींच्या झिंज्या उपटतात ते. झालं एवढंच, की दोघा भावांचं बोलणं आटलं, आणि ते तरी मुळात कुठं बोलके होते? जावा मात्र रोज दुपारी मधल्या बांधावर बसून नवरे, गुडघेदुखी आणि लसणाचा भाव अशा सगळ्या विषयांचा फडशा पाडू लागल्या. ऐकणाऱ्याला वाटावं, वाटणी झाली ती यांना बसायला बांध मिळावा म्हणूनच.

थोरलीचं शेत वरच्या अंगाला, धाकटीचं उताराला. दोघींच्या विहिरी बांधाच्या दोन बाजूंना, फार तर चार झाडांच्या अंतरावर. वरच्या विहिरीवर थोरलीची लिंबाची बाग, खालच्या विहिरीवर धाकटीचा भाजीपाला. थोरली भरल्या अंगाची आणि उठल्यासुटल्या हुकूम सोडणारी. धाकटी काटकुळी, आणि गंभीर प्रसंगी हमखास हसू फुटणारी. सासऱ्यांच्या अंत्ययात्रेत तिला हसू आलं होतं आणि थोरलीने तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं होतं. लोकांना वाटलं, पोरीला दुःख आवरेना. अशा बाईवर जीव लावणं म्हणजे डोक्याला कायमचा ताप, आणि थोरलीने तो खुशीने लावून घेतला होता.

थोरलीचा मुलगा शहरात. दर आठवड्याला त्याचा फोन यायचा, "आई, आता पुरे झालं. बाबांची छाती अशी, दवाखाना इथं, डॉक्टर इथं. या निघून." आणि दर वेळी थोरलीचं उत्तर ठरलेलं, "बाग आहे तोवर नाही." नवऱ्याला दमा होता. त्यानेही एकदाच काय ते सांगून टाकलं होतं, की बाग आटोपली की जायचं. हा माणूस वर्षातून चार वाक्यं बोलायचा, पण बोलला की ती दगडावरची रेघ. म्हणजे बाग होती तोवर थोरली या घरात, या मातीत आणि या बांधावर होती. बाग गेली की शहरातल्या दोन खोल्या, सून, नातू आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी. हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणून ती बागेला डोळ्यांत तेल घालून जपायची.

त्या वर्षी पाण्याने दगा दिला, असं सगळेच म्हणत होते. मला तर ते बिलकूल पटत नाही. पाणी बिचारं कुणाला दगा देणार? माळापलीकडच्या मोठमोठ्या मळ्यांत कधीपासून खोल बोअर मारणं चाललं होतं. एकाने मारलं म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने आणखी खोल नेलं म्हणून तिसऱ्याने, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हुशार काय तो आपणच. रात्रंदिवस मोटरी घरघरत होत्या. खालून उपसा असा चाललेला आणि वर साध्या विहिरी तोंड वासून आभाळाकडे बघत बसलेल्या. खालची विहीर आधी आटली. धाकटीच्या फ्लॉवरचे गड्डे नुकते धरू लागले होते, आणि मोटर सुरू केली की पाण्याऐवजी पाइपातून नुसती खोकल्यासारखी धाप यायची.

"उभं बोअर मारायची आपली ऐपत नाही," धाकटी म्हणाली. "हे म्हणतात, आडवं मारून बघू."

आडवं बोअर म्हणजे विहिरीच्या तळाशी मशीन उतरवायचं आणि खडकात बाजूने भोक पाडत जायचं. नशिबात असेल तर एखाद्या झऱ्याला धक्का लागतो आणि त्या भोकातून पाणी विहिरीत येऊ लागतं. नसेल तर चिखल आणि कपाळावर हात. सगळा खेळ दिशेचा. भोक कुठल्या बाजूला पाडायचं, एवढंच ठरवायचं असतं आणि तेवढंच कुणाला कळत नाही.

थोरलीला कळत होतं. निदान तिला तसं वाटत होतं. नवी सून असताना वरच्या विहिरीतला गाळ काढायला ती स्वतः तळापर्यंत उतरली होती. खडकात एक तिरपी भेग होती आणि तिच्यातून मनगटाएवढी धार येत होती, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या भेगेचं तोंड उताराकडे होतं. तिने आपला हिशेब बांधला. ही शीर खालून येते, म्हणजे ती धाकटीच्या विहिरीजवळूनच जात असणार. वाटेत तिला टोचलं तर धाकटीलाही घोटभर मिळेल आणि आपल्यालाही काही कमी पडणार नाही. जमिनीखालचं पाणी तिने मनात असं उभं केलं, जणू एखादी वाट आहे आणि वाटेवरच्या दोन घरांत थांबत थांबत एक पाहुणी चालली आहे.

बोअरचा मिस्त्री खालच्या विहिरीच्या काठावर उकिडवा बसून बिडी ओढत होता. त्याचा विचार पलीकडच्या बाजूला भोक पाडायचा होता. थोरली कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तिकडे काही नाही. इकडे मारा, वरच्या विहिरीकडे तोंड करून. कंबरेएवढ्या उंचीवर."

मिस्त्रीने एकदा उताराकडे, एकदा वर पाहिलं. "वरची विहीर कुणाची?"

"माझीच."

"मग तुमची मर्जी," तो म्हणाला, बिडी विझवली आणि शिडीला लागला.

दुपार उतरेपर्यंत खडक कुरकुरत होता. विहिरीतून पांढरा चिखल वर येत होता. धाकटीचा नवरा काठावरून येरझारा घालत होता. मग मशीनचा आवाज बदलला, मिस्त्री खालून काहीतरी ओरडला, आणि त्या भोकातून आधी थुंकल्यासारखं आणि मग धड, सलग, जाड धारेने पाणी येऊ लागलं. धाकटी थोरलीच्या गळ्यातच पडली. तिला हसू आवरेना आणि या खेपेला ते दाबायचं काही कारण नव्हतं.

"ताई, तू नसतीस तर आम्ही खडकच फोडत बसलो असतो!"

"मग? जाऊ कुणाची आहे?" थोरली म्हणाली. स्वतःवर ती इतकी खूश यापूर्वी क्वचितच झाली असेल.

फ्लॉवर तरारला. वर मात्र पंधरवडाभरात काहीतरी बिनसलं. मोटर पूर्वी सकाळभर चालायची, आता ती बागेच्या मध्यापर्यंत पाणी पोचवून हवा ओढू लागली. ठिबकच्या नळ्या शेवटच्या ओळींत रिकाम्याच पडून राहायच्या. थोरलीने नवऱ्यावर चिडचिड केली, मोटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावून त्याचा जीव खाल्ला, माळापलीकडच्या मळेवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. विहिरीने जवळपास तळ गाठला. उरलेल्या पाण्याला वास येऊ लागला. प्यायचं पाणीही तिथलंच, म्हणून एका संध्याकाळी तिने पाणी शुद्ध करायला विहिरीत टाकतात ती लाल पावडर आणली, रागारागात अख्खी पुडी ओतली, आणि ढवळलं जावं म्हणून दोरीला बादली बांधून वरखाली केली. तळाचं पाणी जांभळं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठिबकच्या नळ्या झटकत होती तोच बांधावरून धाकटी धावत आली. हातात काचेचा पेला, तोंडभर हसू.

"ताई, बघ तरी! माझी विहीर लाजली!"

पेल्यातलं पाणी गुलाबी होतं. फिकट, सुंदर, लहान मुलीच्या फ्रॉकच्या रंगाचं.

"सकाळपासून त्या भोकातून असंच येतंय. हे म्हणतात पाइपाचा गंज असेल. गंज कधी असा गोड दिसतो होय?"

थोरलीने पेला हातात घेतला. काल संध्याकाळची पावडर तिला आठवली. तिने हिशेब केला होता तो सगळा उलटा होता. पाणी खालून वर येत नव्हतं, वरून खाली जात होतं. तिने स्वतः, कमरेवर हात ठेवून, सगळ्यांच्या देखत, आपल्याच विहिरीला भोक पाडायला लावलं होतं.

"गंजच असेल," ती म्हणाली. "पिऊ नका आज. टाकून दे."

"तुला बरं नाही का? चेहरा का असा?"

"ऊन लागलं."

सकाळच्या त्या वेळी कुठलं ऊन? पण धाकटीने शंका घेतली नाही. थोरलीचा शब्द तिने कधीच उलटून पाहिला नव्हता.

सांगायचं नाही, असं थोरलीने ठरवलं. धाकटीला दोन मुली, दोघींच्या शाळा, आणि सगळा भार त्या फ्लॉवरवर. आपलं काय, आपण दोन म्हातारी माणसं. दिवसभर ती मनाला असं समजावत राहायची आणि बागेत गेली की मन ऐकायचं नाही. लिंबाची पानं आतल्या बाजूला वळू लागली होती. वाटाण्याएवढी फळं झाडाखाली टपटप पडत होती, चालताना पायाखाली फुटत होती. बांधावर दुपारी बसलं की समोर धाकटीचे फ्लॉवरचे पांढरे गड्डे फुगलेले दिसायचे. थोरलीला त्यांचा राग यायचा, आणि भाजीचा राग येतो म्हणून स्वतःची लाज वाटायची. ती बांधावर जायचं टाळू लागली. गुडघा दुखतो म्हणाली. धाकटीने संध्याकाळी तेल गरम करून आणलं आणि तिचा तो धडधाकट गुडघा बसून चोळून दिला.

मग एक दिवस नवऱ्याने वर्षातल्या चार वाक्यांतलं एक खर्च केलं. "लाकूडवाल्याला बोलावतो. झाडं उभी आहेत तोवर चार पैसे तरी येतील. मग जाऊ पोराकडे."

थोरली उठली, चपला न घालता बांध ओलांडला आणि धाकटीच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. धाकटी कणीक मळत होती.

"ते भोक बंद कर," थोरली म्हणाली. "त्यातून येतंय ते माझं पाणी आहे. त्या दिवशी गुलाबी आलं ना, ती माझ्या विहिरीतली पावडर होती. माझी बाग चाललीय. माझं पाणी आहे ते."

आजवर इतक्या वर्षांत हा 'माझं' शब्द दोघींच्या मधे आला नव्हता. आता आला तो असा लागोपाठ, धापा टाकत. धाकटीचे हात कणकेत तसेच राहिले. आता हिला हसू येईल, असं थोरलीला वाटलं. यावं, असंही वाटलं. पण धाकटी हसली नाही.

"आधी का नाही सांगितलंस?" एवढंच ती म्हणाली. हात धुतले आणि बाहेर गेली.

तिच्या नवऱ्याने आरडाओरडा केला. हाती येऊ घातलेलं पीक आहे, थोडे दिवस थांबा, गड्डे काढून घेऊ द्या, वहिनींना मी समजावतो. चूक नव्हतं त्याचं. पण धाकटीने त्याला बाजूला सारलं. लाकडाची जाड खुंटी तासून घेतली, तिला गोणपाट गुंडाळलं, आणि ती आयुष्यात पहिल्यांदा विहिरीच्या शिडीवरून खाली उतरली. तिला उंचीची भीती वाटायची. माळ्यावर डबा ठेवायलाही ती दुसऱ्याला बोलवायची. वर थोरली काठ धरून उभी होती. खालून हातोड्याचे घाव ऐकू येत होते. मग धार बंद झाल्यावर विहिरीत पडलेली शांतता ऐकू आली.

दुसऱ्या सकाळी वरच्या विहिरीत पाणी वीतभर चढलं. थोरली पुन्हा पुन्हा जाऊन बघून आली. चढलं होतं, खरंच चढलं होतं. तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाने तिला इतकं अपराधी वाटलं की दिवसभर तिने बांधाकडे मान वळवली नाही. तिच्या मागे बांधापलीकडे फ्लॉवरची पानं माना टाकत होती.

चार दिवस झाले आणि पाणी उतरलं. आधी ती वीत गेली, मग आणखी गेलं. माळापलीकडे मोटरी घरघरतच होत्या. पंधरवडा सरता सरता तळाचा खडक उघडा पडला. थोरली सासऱ्यांच्या काळची ती जुनी भेग शोधू लागली आणि तिला ती दिसली. पाण्याखाली असलेली ती भेग आता कोरडी होती, तिच्यात एक कोळी जाळं विणत होता. धाकटीच्या भोकाने नेलं ते थोडंसंच. बाकीचं सगळं पाणी खालूनच गेलं होतं, दोघींच्याही पायांखालून, आणि खुंटी मारून ते थांबणार नव्हतं.

थोरली बांध उतरून धाकटीकडे गेली. "ती खुंटी काढ गं," ती म्हणाली. "माझ्याकडे नाही आलं. निदान तुझा उरलासुरला भाजीपाला तरी..."

धाकटीचा नवरा उतरला. त्याने गोणपाटासकट खुंटी उपसून काढली. भोकातून थोडा ओला चिखल घसरला, आणि थांबला. त्याने आत हात घातला, कोपरापर्यंत, आणि बाहेर काढून बोटं चोळून पाहिली. शेवटी वर न बघताच तो म्हणाला, "वहिनी, पंधरा दिवस. हे पंधरा दिवस मिळाले असते तर पीक निघालं असतं."

हिशेब साधा होता. ती गप्प राहिली असती तर बाग गेलीच असती, पण पीक वाचलं असतं. तिने तोंड उघडलं आणि दोन्ही गेलं.

फ्लॉवर जनावरांना घातला. महिन्याच्या आत धाकटीच्या नवऱ्याला दूरच्या एका गोदामावर रखवालदाराची नोकरी मिळाली, राहायला खोलीसकट. मुलींच्या शाळेचे दाखले निघाले. जायच्या दिवशी थोरली पहाटेच जाऊन धाकटीची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत बसली. दोघी कामाचंच बोलत होत्या. हे पातेलं खाली, बरण्या वर, तो तवा नको, त्याचा दांडा हलतोय. टेम्पो दारात येऊन उभा राहिला तेव्हा मात्र थोरलीचा धीर सुटला.

"मला शिव्या दे," ती म्हणाली. "दोन थोबाडीत मार. काहीतरी कर. अशी गप्प जाऊ नकोस."

धाकटी तिच्याकडे वळली. तिचे डोळे सुजलेले होते.

"शिव्या कशाला देऊ, ताई? तुझंच पाणी होतं ना ते? तू मागितलंस, मी दिलं."

हे तिने कुजकटपणे म्हटलं असतं तर थोरलीला सोसलं असतं. पण तिने ते अगदी सरळ मनाने, समजूत घालावी तसं म्हटलं. मग वाकून नमस्कार केला, परक्या मोठ्या बाईला करावा तसा. एरवी ती गळ्यात पडायची. आणि ती टेम्पोत चढून मुलींच्या मधे बसली.

त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. थोरलीने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. "ये आणि घेऊन जा आम्हाला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नवरा दाराशी उभा होता. छातीतली घरघर सांभाळत तो सावकाश बोलला. "घाई नको. टँकरवाल्याशी बोललोय मी. निम्मी बाग जगेल. तू म्हणशील तर राहू आपण."

इतकं तो एका दमात कधी बोलला नव्हता. थोरलीने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला एकदम रडू फुटलं. महिनाभर अडवून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून ती ओक्साबोक्शी रडली.

"बागेचं मी उगाच नाव सांगत होते," ती म्हणाली. "बागेसाठी राहत होते का मी इथं?"

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला, आणि भिंतीला धरून कसाबसा तिच्याशेजारी खाली बसला.